मेक्सिकोतील धर्मग्राम नोंदवह्या

मेक्सिकोतील धर्मग्राम नोंदवह्या (स्पॅनिश: रेहिस्त्रोस पारोकियालेस) म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्थानिक धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन या प्रसंगी लिहून ठेवलेल्या नोंदींचे ग्रंथ होत. एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेल्या गावांच्या व वस्त्यांच्या समूहाला धर्मग्राम म्हणतात आणि प्रत्येक धर्मग्रामाच्या वह्या स्वतंत्र असतात. मेक्सिकोत नागरी नोंदणीचा कायदा १८५९ मध्ये झाला. त्यापूर्वीच्या सुमारे तीन शतकांत सामान्य माणसाच्या जन्माचा, विवाहाचा व मृत्यूचा नियमित लेखी पुरावा बहुतेक ठिकाणी याच वह्यांत सापडतो. त्यामुळे मेक्सिकोतील तसेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा इतिहास शोधताना त्या प्रमुख साधन ठरतात.

या वह्या वंशावळी जपण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. अमुक व्यक्तीला संस्कार मिळाला आहे, तिचा विवाह धर्मनियमांनुसार वैध आहे आणि वधूवरांत निषिद्ध नाते नाही, एवढे सिद्ध करणे हा त्यांचा हेतू होता. कोणती माहिती लिहिली गेली आणि कोणती वगळली गेली, हे या हेतूवरून ठरले. ज्यांच्याजवळ जमीन, मृत्युपत्र वा पदवी नव्हती अशा मूळनिवासी, गुलाम व अनौरस व्यक्तींची नावे अनेकदा केवळ या वह्यांतच उरली आहेत.

इतिहास

स्पेनमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची प्रथा काही धर्मप्रांतांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस यांनी १४९७ व १४९८ च्या धर्मसभांतून आपल्या क्षेत्रातील धर्मगुरूंना अशा वह्या ठेवण्याचा आदेश दिला. ट्रेंटच्या परिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी संमत केलेल्या विवाहविषयक आदेशाने ही प्रथा सर्वत्र बंधनकारक झाली. गुप्त विवाह रोखण्यासाठी विवाह धर्मगुरू व साक्षीदारांसमोर व्हावा आणि त्याची नोंद धर्मगुरूने वहीत करावी, असे त्यात सांगितले होते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५६४ मध्ये परिषदेचे निर्णय आपल्या राज्यांत लागू केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदींचे नमुने ठरवून दिले.

तत्कालीन नव्या स्पेनमध्ये, म्हणजे आजच्या मेक्सिको व लगतच्या प्रदेशांत, काही नोंदी ट्रेंटच्या परिषदेपूर्वीच्या आहेत. मेक्सिको शहरातील मुख्य धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मिळतात. १५८५ च्या तिसऱ्या मेक्सिकन प्रांतिक धर्मसभेने वह्या ठेवण्याविषयी नियम केले. ग्रामीण व उत्तर सीमेकडील भागांत मात्र बहुतेक वह्या सतराव्या किंवा अठराव्या शतकापासूनच उपलब्ध आहेत.

स्वातंत्र्यानंतर १७ सप्टेंबर १८२२ च्या आदेशाने व्यक्तीचा वांशिक वर्ग नोंदीत लिहिण्यास मनाई झाली. २८ जुलै १८५९ रोजी बेनितो हुआरेस यांच्या सरकारने व्हेराक्रुझ येथून नागरी नोंदणीचा कायदा जारी केला. तरीही चर्चच्या नोंदी चालूच राहिल्या आणि पुढील अनेक दशके असंख्य कुटुंबे केवळ चर्चमध्येच नोंद करत राहिली.

नोंदींचे प्रकार

बाप्तिस्मा. हा सर्वांत विपुल प्रकार होय. नोंदीत संस्काराचा दिनांक, बालकाचे नाव, आईवडिलांची नावे, त्यांचे राहण्याचे ठिकाण आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक धर्मग्रामांत आजी-आजोबांची नावेही लिहिली जाऊ लागली, त्यामुळे एकाच नोंदीतून तीन पिढ्या कळू शकतात. मूल अत्यवस्थ असल्यास सुईण किंवा अन्य व्यक्ती तातडीने पाणी ओतून बाप्तिस्मा देत असे. नंतर धर्मगुरूने केवळ पवित्र तेल लावले, असा उल्लेख अशा नोंदीत सापडतो. १९०८ पासून लागू झालेल्या चर्चच्या नियमानुसार व्यक्तीच्या विवाहाची टीप तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिणे आवश्यक झाले. त्यामुळे विसाव्या शतकातील नोंदींच्या समासात व्यक्तीचा विवाह कोठे व कोणाशी झाला हेही कळते.

दृढीकरण. हा संस्कार बिशप देत असल्याने त्याच्या दौऱ्याच्या वेळी एकाच दिवशी शेकडो नावे नोंदली जात. स्पॅनिश परंपरेत लहान बालकांनाही दृढीकरण दिले जाई. नोंदी त्रोटक असल्या तरी बाप्तिस्म्याची वही नष्ट झालेली असल्यास त्यांचा उपयोग होतो.

विवाह. विवाहाच्या वहीतील नोंदीत वधूवर, त्यांचे आईवडील, मूळ गाव व साक्षीदार यांचा उल्लेख असतो. वधू विधवा किंवा वर विधुर असल्यास आईवडिलांऐवजी दिवंगत जोडीदाराचेच नाव लिहिण्याची पद्धत होती.

विवाहपूर्व चौकशी. विवाहापूर्वी धर्मगुरू वधूवरांचे जबाब घेत असे आणि त्यांना ओळखणाऱ्या साक्षीदारांना प्रश्न विचारत असे. वय, जन्मस्थान, सध्याच्या गावी किती वर्षे वास्तव्य आहे, पूर्वी विवाह झाला होता का आणि पहिला जोडीदार कोठे दफन झाला, ही माहिती त्यात येते. त्यानंतर चर्चमध्ये तीन वेळा जाहीर घोषणा करून आक्षेप मागवले जात. ही कागदपत्रे विवाहाच्या वहीहून वेगळी ठेवली जात व वहीपेक्षा कितीतरी अधिक तपशील देतात.

नात्यातील विवाहासाठी सूट. चर्चच्या नियमानुसार चौथ्या अंशापर्यंतच्या रक्तसंबंधात विवाह निषिद्ध होता. सामाईक पूर्वजापर्यंत किती पिढ्या आहेत यावरून अंश मोजला जाई. सख्खी भावंडे पहिल्या अंशात, चुलत-आते-मामे-मावस भावंडे दुसऱ्या अंशात, तर ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत असे दोघे चौथ्या अंशात येत. अशा जोडप्याला बिशपकडून सूट घ्यावी लागे आणि अर्जासोबत सामाईक पूर्वजापासूनची वंशशाखा मांडावी लागे. लहान, दूरस्थ वस्त्यांत बहुतेक कुटुंबे एकमेकांच्या नात्यात असल्याने असे अर्ज मोठ्या संख्येने झाले. एका अर्जातून चार-पाच पिढ्यांची साखळी हाती लागू शकते. मूळनिवासींसाठी पोप तिसरा पॉल याने १५३७ मध्ये हा निषेध दुसऱ्या अंशापर्यंत मर्यादित केल्याने त्यांच्या बाबतीत असे अर्ज कमी आढळतात.

दफन. मृत व्यक्तीचे नाव, जोडीदार किंवा आईवडील, अंतिम संस्कार मिळाले की नाही, दफनाची जागा आणि मृत्युपत्र केले होते का, या बाबी नोंदवल्या जात. मृत्युपत्र केले असल्याचा उल्लेख आढळल्यास शोध पुढे नोटरीच्या दप्तरांत नेता येतो. १७३६ ते १७३९ ची मात्लासाहुआत्ल साथ आणि १८३३ ची पटकीची साथ या काळात दफनाच्या नोंदी एकाएकी वाढलेल्या व त्रोटक झालेल्या दिसतात.

उदाहरण: बेनितो हुआरेस यांची बाप्तिस्म्याची नोंद

नागरी नोंदणी सुरू करणारे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या स्वतःच्या जन्माचा लेखी आधार चर्चच्या वहीतच आहे. वाहाका प्रांतातील सान्तो तोमास इक्स्तलान येथील धर्मग्रामाच्या वहीत २२ मार्च १८०६ रोजी बेनितो पाब्लो या बालकाचा बाप्तिस्मा नोंदवलेला आहे. त्यांचा जन्म आदल्या दिवशी, २१ मार्च रोजी, झाला होता. नोंदीवरून पुढील माहिती मिळते:

• वडील मार्सेलिनो हुआरेस व आई ब्रिहिदा गार्सिया हे विवाहित असून बालक औरस आहे.
• आईवडील सान पाब्लो गेलाताओ या गावचे असून ते 'इंदियो', म्हणजे मूळनिवासी, वर्गातील आहेत.
• वडिलांचे आईवडील पेद्रो हुआरेस व हुस्ता लोपेस, तर आईचे आईवडील पाब्लो गार्सिया व मारिया गार्सिया आहेत.
• धर्ममाता आपोलोनिया गार्सिया ही फ्रान्सिस्को गार्सिया याची पत्नी आहे.

हुआरेस जेमतेम तीन वर्षांचे असताना त्यांचे आईवडील वारले आणि ते आजी-आजोबांकडे व नंतर काकांकडे वाढले. झापोतेक भाषा बोलणाऱ्या एका गरीब शेतकरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची नावे या काही ओळींतून टिकली आहेत. नोंद गावात नव्हे तर धर्मग्रामाच्या मुख्य ठिकाणी झाली आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वजांचे गाव माहीत असले तरी ते कोणत्या धर्मग्रामात मोडत होते हे कळल्याशिवाय योग्य वही सापडत नाही.

वांशिक वर्ग आणि त्यांची विश्वसनीयता

वसाहतकाळात अनेक धर्मग्रामांत स्पॅनिश, मूळनिवासी आणि मिश्र वंशाच्या लोकांसाठी वेगवेगळ्या वह्या असत. नावापुढे एस्पान्योल (स्पॅनिश), इंदियो (मूळनिवासी), मेस्तिसो (स्पॅनिश व मूळनिवासी यांची संतती), कास्तिसो (स्पॅनिश व मेस्तिसो यांची संतती), मुलातो (आफ्रिकी वंशाचा अंश असलेला) यांसारखे शब्द लिहिले जात. करभार, विवाह व पदे यांवर या वर्गाचा परिणाम होत असे. १७७६ चा विवाहविषयक राजादेश १७७८ मध्ये अमेरिकेतील प्रदेशांना लागू झाल्यावर 'असमान' विवाहाला पालक विरोध करू शकत, त्यामुळे वर्गाचे महत्त्व वाढले.

हे वर्ग जैविक वस्तुस्थिती म्हणून वाचता येत नाहीत. धर्मगुरू अनेकदा रंगरूप, पेहराव, प्रतिष्ठा किंवा कुटुंबाचे सांगणे यांवरून शब्द निवडत असे. एकच व्यक्ती बाप्तिस्म्यात एका, विवाहात दुसऱ्या आणि मुलांच्या नोंदींत तिसऱ्या वर्गात दिसू शकते. स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मारिया मोरेलोस हे मिश्र वंशाचे मानले जातात, तथापि १७६५ मध्ये वायादोलिद (आजचे मोरेलिया) येथे झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडील स्पॅनिश असल्याचे लिहिले आहे. वर्गाचा शब्द जुळत नाही एवढ्यावरून दोन नोंदी भिन्न व्यक्तींच्या आहेत असा निष्कर्ष काढणे म्हणूनच सदोष ठरते.

गुलामांच्या नोंदींत मालकाचे नाव असते आणि मूल आईच्या दर्जानुसार गुलाम किंवा मुक्त ठरे. वडिलांचे नाव बहुधा गाळलेले असते. अशा वेळी मालकाचे मृत्युपत्र, मालमत्तेची यादी व खरेदीखते यांवरून कुटुंब जुळवावे लागते. राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांनी १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली.

'चिनो' हा शब्द भारतीय वाचकांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. १५६५ ते १८१५ या काळात मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश जहाजांची नियमित वाहतूक होती. त्या मार्गाने मेक्सिकोत आणलेल्या आशियाई लोकांना, मग ते फिलिपिन्सचे असोत, चीनचे असोत वा भारताचे, सरसकट चिनो म्हटले जाई. पुएब्ला येथे १६८८ मध्ये निधन पावलेली कातारिना दे सान हुआन ही गुलाम म्हणून आणलेली स्त्री भारतात जन्मली होती, असे तिच्या समकालीन चरित्रकारांनी लिहिले आहे. पुढील काळात काही भागांत हाच शब्द आफ्रिकी-मूळनिवासी मिश्र वंशासाठीही वापरला गेल्याने त्याचा अर्थ काळ व ठिकाण पाहूनच लावावा लागतो.

नावे व आडनावे

आजच्या स्पॅनिश पद्धतीत व्यक्तीला दोन आडनावे असतात. पहिले वडिलांचे व दुसरे आईचे. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही, त्यामुळे मातृवंशाचा शोध सुकर होतो. तथापि ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच सार्वत्रिक झाली. त्यापूर्वी सख्ख्या भावंडांपैकी एकाने वडिलांचे, दुसऱ्याने आईचे, तर तिसऱ्याने आजीचे आडनाव लावलेले आढळते. मूळनिवासी कुटुंबांत अनेकदा आडनावच नसे आणि हुआन दिएगो किंवा मारिया हुआना अशी दोन ख्रिस्ती नावे दिली जात. दुसरे नाव हे आडनाव नसल्याने ते पुढच्या पिढीत जात नसे.

बाप्तिस्म्याच्या वेळी त्या दिवसाच्या संताचे नावही जोडले जाई. होसे व मारिया ही नावे इतकी सर्रास दिली जात, की नोंदीत मारिया होसेफा असलेली स्त्री पुढे केवळ होसेफा म्हणून आढळते. लहानपणी वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या अपत्याला देण्याचीही प्रथा होती. त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंद सापडली तरी त्याच नावाच्या बालकाचे दफन झाले होते का, हे पडताळणे आवश्यक असते.

शोधाची पद्धत

शोध सामान्यतः अलीकडच्या पिढीकडून मागे नेला जातो. प्रथम कुटुंबातील कागदपत्रे, थडग्यांवरील मजकूर व नागरी नोंदी यांवरून मूळ गाव निश्चित केले जाते आणि त्या गावाचा त्या काळातील धर्मग्राम शोधला जातो. वस्ती वाढल्यावर धर्मग्रामांचे विभाजन होत असल्याने जुन्या नोंदी शेजारच्या चर्चमध्ये असू शकतात.

यानंतरचा प्रचलित क्रम पुढीलप्रमाणे आहे:

१. व्यक्तीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधून आईवडिलांची व असल्यास आजी-आजोबांची नावे घेणे.
२. ज्येष्ठ अपत्याच्या जन्मापासून मागे जात आईवडिलांचा विवाह शोधणे. विवाह प्रायः वधूच्या धर्मग्रामात होत असे.
३. विवाहपूर्व चौकशीची कागदपत्रे पाहून जन्मस्थान व वय ठरवणे.
४. त्या वयाच्या आधारे, दोन्ही बाजूंना काही वर्षांची मोकळीक ठेवून, आईवडिलांचे बाप्तिस्मे शोधणे.
५. सर्व भावंडांच्या नोंदी गोळा करणे. एका नोंदीत गाळलेले आजोळ दुसरीत मिळू शकते.

वहीत अनुक्रमणिका असल्यास ती अनेकदा आडनावाऐवजी पहिल्या नावानुसार केलेली असते. जबाबांतील वये अंदाजे असतात. धर्मपिता, धर्ममाता व साक्षीदार हे पुष्कळदा नातेवाईक असल्याने समान नावांच्या दोन कुटुंबांतील फरक त्यांच्यावरून स्पष्ट होतो.

१८५९ नंतरच्या काळात चर्चची व नागरी नोंद एकमेकांशी ताडून पाहणे महत्त्वाचे ठरते. केवळ चर्चमध्ये झालेला विवाह नागरी कायद्याने मान्य नसल्याने अशा जोडप्याचे अपत्य नागरी वहीत अनौरस आणि चर्चच्या वहीत औरस म्हणून नोंदवलेले आढळते.

लिपी, संक्षेप व पारिभाषिक शब्द

नोंदी मुख्यतः स्पॅनिश भाषेत असून सोळाव्या व सतराव्या शतकांतील हस्ताक्षर वाचण्यासाठी सराव लागतो. शब्दलेखन निश्चित नव्हते. नावांची मधली अक्षरे गाळून शेवटची अक्षरे वर लहान आकारात लिहिली जात. महिन्यांच्या संक्षेपांत विशेष घोटाळा होतो. सप्टेंबर, ऑक्टोबर व नोव्हेंबर यांसाठी अनुक्रमे ७, ८ व ९ हे अंक आणि डिसेंबरसाठी दहाचा रोमन अंक वापरून पुढे 'ब्रे' लिहिले जाई. ७ हा अंक पाहून जुलै समजणे ही नवख्या वाचकांत सर्रास होणारी चूक आहे.

नोंदींत वारंवार येणारे काही शब्द:

• इहो लेहितिमो: औरस पुत्र
• इहो नातुराल: अविवाहित आईवडिलांचा पुत्र
• एक्सपोसितो: दारी किंवा चर्चपाशी सोडून दिलेले बालक
• पाद्रे नो कोनोसिदो: वडील अज्ञात
• ओरिहिनारियो: मूळचा रहिवासी
• वेसिनो: सध्याचा स्थायिक रहिवासी
• पार्वुलो: लहान बालक
• दिफुन्तो: दिवंगत
• विउदा, विउदो: विधवा, विधुर

ओरिहिनारियो व वेसिनो यांतील भेद स्थलांतराचा माग काढताना निर्णायक ठरतो. स्पेनहून आलेल्या पूर्वजाचे तेथील गाव अनेकदा केवळ विवाहाच्या नोंदीतील पहिल्या शब्दापुढेच लिहिलेले असते आणि ते कळल्यावरच स्पेनमधील चर्चच्या वह्यांपर्यंत पोहोचता येते. सेव्हिल येथील इंडीज अभिलेखागारात असलेली अमेरिकेस जाणाऱ्या प्रवाशांची परवाना-कागदपत्रे याला पूरक ठरतात.

हानी व मर्यादा

वाळवी, ओल, आगी, पूर आणि बंडे यांमुळे अनेक वह्या नष्ट झाल्या आहेत. आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असलेल्या न्यू मेक्सिकोत १६८० च्या पुएब्लो उठावात मिशनांचे दप्तर नष्ट झाल्याने त्यापूर्वीच्या कुटुंबांसाठी अन्य साधनांवर अवलंबून राहावे लागते. मेक्सिकोत राज्यसंस्था व चर्च यांच्यातील संघर्षामुळे ३१ जुलै १९२६ पासून १९२९ पर्यंत सार्वजनिक उपासना बंद होती. या काळात संस्कार खाजगी घरांत गुप्तपणे होत आणि त्यांच्या नोंदी सुट्या कागदांवर किंवा विलंबाने केल्या गेल्या.

दूरच्या वस्त्यांत धर्मगुरू महिनोन्‌महिने येत नसे. तेथे जन्म व बाप्तिस्मा यांत बराच काळ गेलेला असू शकतो आणि बाप्तिस्म्यापूर्वी वारलेल्या मुलांची नोंद बहुधा होतच नसे. शहरांत सोडून दिलेल्या बालकांच्या बाबतीत वंशाचा धागा वहीतच तुटतो.

उपलब्धता

मूळ वह्या धर्मग्रामांत, तर विवाहातील सुटींचे अर्ज मुख्यतः ग्वादालाहारा, दुरांगो, मोरेलिया यांसारख्या धर्मप्रांतांच्या अभिलेखागारांत आहेत. लॅटर-डे सेंट्स चर्चशी संलग्न असलेल्या युटाच्या वंशशास्त्र संस्थेने १९५० च्या दशकापासून मेक्सिकोतील वह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण केले. त्यांच्या डिजिटल प्रतिमा आता फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, मात्र काही संच केवळ संलग्न ग्रंथालयांतच उघडतात. सूची तयार करताना नावे चुकीची वाचली गेलेली असू शकतात व समासातील टिपा सूचीत येत नाहीत. त्यामुळे सूचीत नाव न सापडणे हा नोंद नसल्याचा पुरावा मानला जात नाही आणि मूळ पानाची प्रतिमा पाहणे आवश्यक समजले जाते.

अन्य प्रदेशांतील समान नोंदी

स्पेनमध्ये सार्वत्रिक नागरी नोंदणी १८७१ पासून सुरू झाली, तर १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात अनेक चर्चची दप्तरे जळाली. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन येथील नोंदी १५९४ पासूनच्या आहेत. कॅलिफोर्नियातील मिशनांच्या एक लाखाहून अधिक बाप्तिस्म्यांची माहिती हंटिंग्टन ग्रंथालयाने संगणकीय संचात एकत्र केली असून तीत मूळनिवासींची संख्या मोठी आहे. फिलिपिन्समध्ये गव्हर्नर क्लावेरिया यांच्या १८४९ च्या आदेशाने असंख्य कुटुंबांना यादीतून नवी आडनावे मिळाली. त्यामुळे तेथे त्या वर्षापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी जोडताना आडनावावर विसंबता येत नाही.

गोवा व वसई परिसरातील पोर्तुगीजकालीन चर्चच्या नोंदींमागेही ट्रेंटच्या परिषदेचीच परंपरा आहे. त्यांची भाषा पोर्तुगीज असली तरी बाप्तिस्मा, विवाह व दफन अशी वह्यांची विभागणी आणि धर्मपिता-धर्ममाता नोंदवण्याची रीत मेक्सिकोतील वह्यांसारखीच आहे.

हेही पहा

• ट्रेंटची परिषद
• बेनितो हुआरेस
• नवे स्पेन
• मनिला गॅलियन
• वंशावळ